डबी रुतते म्हणून

आम्हा लिंगायतांच्या घरी इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात, ते छातीवर येतं. ते अंगावेगळं करायचं नाही. त्यामुळे डाव्या बाजूला काही टणक लागलं तेव्हा मला वाटलं, डबी रुतते. दोरा आखूड केला, मग लांब केला. मुंबईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. स्तन काढावा लागला, जीव मात्र वाचला.

मी परतले तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला होता. साहेबांच्या जीपगाड्या वाढल्या, पाणी तेवढंच राहिलं. त्यात दुष्काळ पडला आणि लोहा गावाच्या वाटेवरच्या गावांत टँकर यायला लागले. बायका घागरी मांडून तासन् तास बसायच्या. एरवी एवढ्या बायका मला कुठे सापडल्या असत्या? मी तिथे जाऊन गाठीबद्दल बोलायला लागले. एक म्हातारी म्हणाली, चारचौघांत असलं बोलतीस, लाज सोडलीस काय? मी म्हटलं, मुंबईला काढून घेतली, गाठीसोबतच. बायका पदराआड हसल्या. हसल्या म्हणजे ऐकत होत्या.

एकदा टँकर रिकामा झाला, सगळ्या निघाल्या, तरी एक लेकुरवाळी मागे रेंगाळली. तिच्याही गळ्यात दोरा होता.

"माझं तसलं काय न्हाई, आक्का. डबी रुतती म्हणून दुखतंय."

मी तिची घागर उचलली आणि तिच्यासोबत घरी गेले. तिच्याच स्वयंपाकघरात दार लोटून मी हाताने चाचपलं. गाठ होती. उद्याच लातूरला चल, म्हटलं. ती हो म्हणेना. डॉक्टर डबी काढायला लावतील आणि लिंग अंगावेगळं झालं की बाई मेल्यातच जमा, असं सासूने बजावलं होतं. मला संताप आला. तिचा नाही, त्या बजावण्याचा. असल्याच भीतीने मीही डबी रुतते म्हणत घरात बसले होते.

मी तिला सांगितलं की माझ्या ऑपरेशनच्या वेळी नर्सबाईंनी डबी माझ्या मनगटाला बांधून वर पट्टी गुंडाळली होती. लिंग अंगावरच होतं.

तिने माझ्या मनगटाकडे बघितलं.

"अन् तुमी वाचलाव?"

"हाव. तुझ्यापुढं बसलेय की."

तिने गळ्यातला दोरा सोडला, डबी मुठीत घट्ट धरली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"मग आत्ताच बांधा, आक्का. सासू शेतातून यायच्या आत. उद्या माझा धीर ऱ्हाईल का न्हाई, काय सांगावं."