न पाहिलेल्या जंगलातली दोन पाडसं

आधी माफी मागतो. ज्या जंगलाबद्दल लिहायला बसलोय ते मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी सलग दोन पानं कधी लिहिलेली नाहीत. खरं तर हे माझ्या मित्राने लिहायला हवं. तो तिथे अडीच महिने राहून आला, त्याच्याकडे फोटो आहेत, सांगायला गोष्टी आहेत. पण यातला एक भाग त्यालाही माहीत नाही. तेवढ्यासाठी हे धाडस करतोय. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मी शाहूवाडी तालुक्यातला. मलकापूरच्या पुढे एसटी सोडली की गावापर्यंत तासभर चालायचं. घरी तीन म्हशी, चार-पाच शेळ्या. कोल्हापुरात बी.एस्सी.ला आलो आणि पहिल्याच दिवशी ज्याच्या शेजारी बसलो तो हा मित्र. त्याचं घर राजारामपुरीत, वडिलांचं फरशीचं दुकान. मी वर्गात कुणाशी बोलायला घाबरत होतो. त्याने थेट विचारलं, "काय भावा, गाव कुठलं?" मी सांगितल्यावर म्हणाला, "मग तुला बिबट्या दिसला असंल की!" मला बिबट्या दोनदा दिसला होता. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

शहराबाहेर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं एक छोटं केंद्र आहे. मांज्यात अडकलेल्या घारी, विजेचा धक्का बसलेली वानरं, कुणाच्या तरी विहिरीतून काढलेले साप तिथे येतात. मित्र मला स्कूटरवरून तिथे घेऊन गेला आणि मग दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. मी पिंजरे धुवायचो, गवत कापायचो. तो घारीला मांसाचे तुकडे चिमट्याने द्यायचा आणि दर वेळी हात मागे घ्यायचा. तिथल्या डॉक्टर मॅडम त्याला म्हणायच्या, "अरे, ती चिमटा खाणार नाही." सहा महिन्यांनी तोही तयार झाला. पण हाताला सवय माझ्या होती. हे मी आज लिहितोय. तेव्हा मला ते कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूने भेकराचं पाडस आलं. कुत्र्यांनी आईला मारलं होतं. पाडसाला जखम नव्हती, पण ते दूध घेईना. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायचं. दीड दिवस गेला. मॅडम काळजीत होत्या. मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होतो, बोलावं की नको ठरत नव्हतं. शेवटी म्हणालो, "मॅडम, आमची आई रेडकाला एक करते. बघू का करून?"

आमच्याकडे एखादं रेडकू आईला लुचत नसेल तर आई त्याला दोन गुडघ्यांत धरते, पदर त्याच्या डोळ्यांवरून घेते आणि दुधात बुडवलेलं बोट त्याच्या तोंडात देते. आधी कोमट ओल्या फडक्याने शेपटीखाली पुसून घेते, म्हैस चाटते तसं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, डोळे का झाकायचे? ती म्हणाली होती, "कासंखाली उजेड असतो व्हय? अंधार झाला की त्येला आई आल्यागत वाटतं."

मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, कारण पाडस माणसांना बुजत होतं. मित्रही दाराबाहेर गेला. मी पाडसाला गुडघ्यांत घेतलं, गळ्यातला टॉवेल त्याच्या डोक्यावरून सोडला. पुसलं. बोट दिलं. आधी काहीच नाही. मग बोटाला ओढ लागली. मी दुसऱ्या हाताने बोटाच्या कडेनं बाटली सरकवली. बाहेर आलो तेव्हा मित्राने मला उचलून गोल फिरवलं. "भावा, तू तर म्हस निघालास की!" सगळे हसले. मीही.

तिसऱ्या वर्षी सरांनी एक माहिती दाखवली. कोस्टा रिकाच्या पावसाळी जंगलात वन्यप्राण्यांचं एक बचाव केंद्र होतं आणि त्यांना स्वयंसेवक विद्यार्थी हवे होते. राहणं-खाणं त्यांच्याकडे, निवड झालेल्यांचं विमानाचं तिकीटही एक संस्था देणार होती. मला त्या देशाचं नावही धड म्हणता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून झोपताना डोळ्यांसमोर तेच. फांद्यांना उलटे लटकणारे स्लॉथ नावाचे संथ प्राणी, मोठ्या चोचीचे रंगीत पक्षी, आमच्या आंबा घाटातल्यापेक्षा दाट जंगल. मी कधीही कुठलीही गोष्ट इतकी मागितली नव्हती.

अर्ज आम्ही वसतिगृहात माझ्या खोलीवर, त्याच्या लॅपटॉपवर भरले. एक प्रश्न होता, प्राण्यांची देखभाल करण्याचा तुमचा अनुभव सांगा. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो. मग इंग्रजीत लिहिलं, "औपचारिक अनुभव नाही. शिकण्याची मनापासून तयारी आहे."

हे खोटं नव्हतं, निदान मला तसं वाटलं. शेण काढणं, धार काढणं, वैरण घालणं, व्यालेल्या म्हशीपाशी बसून राहणं, याला आमच्या घरात कुणी अनुभव म्हणत नाही. ते घरचं काम. आणि रविवारी केंद्रावर जायचो त्याचं मला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. शिक्का नसलेली गोष्ट अर्जात कशी लिहायची? मित्राने दोन पानं लिहिली. मधेच थांबून त्याने विचारलं, "ते भेकराचं लिहू का रं? आपण दोघांनी केलं म्हणून?"

"लिही की," मी म्हणालो. "त्यात काय."

त्याची निवड झाली. मला आलेल्या पत्रात लिहिलं होतं की तुमची तळमळ आवडली, पण या वर्षी आम्ही अनुभवी उमेदवारांना प्राधान्य देत आहोत.

जळणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, लोक दुसऱ्याच्या गाडीवर जळतात, जमिनीवर जळतात. मी त्याच्या साध्या बोलण्यावर जळू लागलो. तो "व्हिसा" म्हणाला तरी मला टोचायचं. वाईट याचं होतं की त्याने माझं काहीच चोरलेलं नव्हतं. तो विचारून लिहून गेला होता आणि मीच हो म्हणालो होतो. कुणाला दोष द्यावा तर समोर मीच.

जाण्याआधी तो खोलीवर आला. "भावा, तिकडं लई पाऊस असतो. काय नेऊ? तू पावसातलाच की."

मी त्याला जळवांसाठी मीठ आणि तंबाखू न्यायला सांगितलं. आमच्या भागात भात लावताना पायाला तंबाखूचं पाणी चोळतात. पोचल्यावर त्याचा पहिला मेसेज आला, "भावा, हितं एक जळू न्हाय! आणि ती तंबाखू मी विमानतळावर तीन साहेबांना हुंगायला दिली." पुढे हसण्याची चिन्हं. मला हसू आलं आणि ते आलं म्हणून रागही आला.

मग फोटो येऊ लागले. गुडघ्यापर्यंत बूट, हिरवा रेनकोट, कडेवर लहानसा स्लॉथ. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायचो. स्लॉथला त्याने धरलं होतं ते चुकीचं, मागच्या पायांना आधार नव्हता. ते बघून मला बरं वाटायचं. विभागाच्या फलकावर सरांनी त्याचा एक फोटो लावला. मी एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेसाठी सुट्टीत वसतिगृहातच राहिलो होतो, आणि ग्रंथालयात जाताना तो फलक लागू नये म्हणून मागच्या जिन्याने जायचो. कुणी विचारलं, "तुझा जोडीदार कुठाय?" तर म्हणायचो, "फिरायला गेलाय." फिरायला. मी मुद्दाम तोच शब्द वापरायचो.

रविवारी केंद्रावर जाणंही बंद केलं. मॅडमचा फोन आला, "आलास का नाहीस?" मी म्हणालो, अभ्यास आहे.

एका गुरुवारी सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा त्याचा मोठा मेसेज आला. त्यांच्याकडे हरणांची दोन पाडसं आली होती. तिकडचं जंगलातलं लहान, तांबूस हरीण, "आपल्या भेकरागत". आई गाडीखाली सापडली होती. दोन्ही दूध घेत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी बाटल्या बदलल्या, दूध बदललं, शेवटी नळीने पाजलं, पण नळीला ती फार घाबरत होती. धाकटं अगदी मलूल झालं होतं. शेवटी लिहिलं होतं, "तू त्या भेकराला आत नेमकं काय केलतंस? मी बाहेर हुतो. टॉवेल घेतलतास एवढंच आठवतंय. लवकर सांग भावा."

मी मेसेज पूर्ण वाचला. वाचल्याच्या निळ्या खुणा मी आधीच बंद करून ठेवल्या होत्या, त्याचे फोटो मी किती वेळा बघतो हे त्याला कळू नये म्हणून. मी फोन पालथा ठेवला आणि चहा संपवला.

मनात काय होतं ते जमेल तेवढं खरं लिहितो. पहिला विचार आला, बघा, शेवटी विचारायला मीच लागलो. दुसरा आला, अनुभव त्याचा आहे ना, दोन पानांचा, मग वापर म्हणावं. तिसरा, तिथे एवढे तज्ज्ञ आहेत, माझ्या आईच्या पदरावर काय त्यांचं अडलंय. हा तिसरा विचार सगळ्यात सोयीचा होता. त्याच्या आडून मी दिवसभर बसलो. संध्याकाळी दोन ओळी टाइप केल्या, "आधी कोमट फडकं घे", आणि पुसल्या. त्याचे चार फोन येऊन गेले होते. मी घेतले नाहीत. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी दुपारनंतर फोन यायचे थांबले, आणि मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. रात्रभर मला त्या पाडसांचं तोंड दिसत होतं. मी पाहिलेली नव्हती, तरी. बुजलेलं पाडस मान फिरवतं तेव्हा कान मागे टाकतं, ते मला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी मी कपडे पिशवीत भरले आणि गावाकडची एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. मलकापूर यायच्या आधी मी ठरवलं आणि स्टँडवर उतरून, लाउडस्पीकरच्या आवाजापासून लांब, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभं राहून सगळं बोलून पाठवलं. फडकं किती कोमट, बोट किती आत, टॉवेल कसा धरायचा, गुडघे किती आवळायचे. पाच मिनिटांचा निरोप झाला. उशीर का झाला ते सांगितलं नाही. निरोपापुढे एकच खूण उमटली. तो पोचला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा धारांची वेळ होती. आई गोठ्यात होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"आलास? बरं झालं. तुझ्या दोस्ताचा फोन आलता की."

"कुणाचा?"

"त्यो न्हवं का, परदेशातला. दिवाळीत हितं आलता आणि आंबील प्याला न्हाय त्यो. काल आलता फोन, धारंच्याच वक्ताला. म्हनला, काकू, रेडकाला पाजता तसं दाखवा. म्हनलं आरं लेका, हितनं फोनातनं कसं दाखवू? तर म्हनला, करून दाखवा. मग तुझ्या आबांनी धरला मोबाईल. निम्मा येळ शेपटीच दाखवली म्हशीची." ती हसली. "तिथली गोरी डाक्टरीन बी बघत हुती. तिला म्हनलं, बाई, आदी डोळं झाक त्येचं, मग बोट घाल. तुझ्या दोस्तानं सांगितलं तिला तिच्या भाशेत. मला म्हनला, तुमी लई भारी. म्हनलं भारी कसलं, दुधाचं भांडं सांडलं की माझं तुझ्यापायी."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. "मला फोन करायचा की त्याने."

"केल्ता म्हनं धा येळा. म्हनला, त्येचा फोन बिघडला आसंल, लई जुना हाय. मी आल्यावर त्येला माझा देतो म्हनला." तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि बादली माझ्याकडे सरकवली. "पोरगं चांगलं हाय रं."

"मग? पाडसांचं काय झालं?"

"आज सकाळी आलता की परत फोन. पितंय म्हनं. बाटली सोडंना झालंय."

"दोन्ही?"

आई उठली, हात धुतले, पदराला पुसले.

"न्हाय. धाकटं गेलं. मला फोन करायच्या आदीच, बेस्तरवारी पहाटं."

तिकडची गुरुवारची पहाट म्हणजे आपली गुरुवारची संध्याकाळ. मेसेज मी सकाळी वाचला होता.