मागच्या न्हाणीची चावी

चावी हरवली, असं मी तिला सांगितलं तेव्हा ती चावी माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीसमोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला, लाल दोऱ्यात लटकत होती. मी मागच्या जाळीच्या दारात उभी होते आणि ती अंगणात. दोघींमध्ये फार तर चार पावलांचं अंतर होतं. खोटं बोलायला मला एरवी वेळ लागतो, पण त्या दिवशी ते जिभेवर तयारच असल्यासारखं आलं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी लखनौला आलो आणि महानगर नावाच्या वस्तीत एका जुन्या घराचा तळमजला भाड्याने घेतला. या भागातल्या घरांना मागे छोटं अंगण असतं. आमच्या अंगणात एक नळ आहे, कडुलिंबाचं झाड आहे आणि कोपऱ्यात पूर्वी कधीतरी नोकरांसाठी बांधलेली न्हाणी आहे, तिच्या आतच संडास. आम्ही तिथे बिघडलेला कूलर आणि लेकीची लहानपणची सायकल कोंबून ठेवली होती. अंगणाचं फाटक मागच्या गल्लीत उघडतं. गल्लीच्या टोकाला पार्कची भिंत आहे आणि त्या भिंतीला टेकून निळ्या ताडपत्रीची तीनचार घरं आहेत. त्यांतल्या एका घरात ती एकटी राहायची. जवळच्याच कपूरथला चौकातल्या एका ढाब्यासाठी ती दिवसभर लसूण सोलायची. तिच्या आधी लसणाचा वास फाटकातून आत यायचा.

पहिल्यांदा ती आली ती उन्हाळ्यात, पाण्याला. बाटली भरून झाल्यावरही ती हलेना. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दीदी, एक बात कहें? बुरा मत मानिएगा." आणि तिने न्हाणीकडे बघितलं. मार्केटमधल्या पैसे देऊन जायच्या संडासाला रात्री नऊला कुलूप लागतं आणि सकाळी उशिरा उघडतं, एवढंच तिने सांगितलं. बाकीचं तिने सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

त्याच दुपारी मी कूलर आणि सायकल भंगारवाल्याला दिली, न्हाणी धुऊन घेतली, आत एक बादली आणि प्लास्टिकचा मग ठेवला. "अम्मा, जब चाहिए तब आ जाना," म्हटलं. अम्मा म्हणायची सवय मला इथे लागली. पुढे बोलता बोलता कळलं की ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. दोघींनाही हसू आलं, पण मी तिला अम्माच म्हणत राहिले आणि ती मला दीदी.

खरं सांगते, त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते. थंडी पडल्यावर एक दिवसाआड गीझरचं बादलीभर कढत पाणी जाळीच्या दारातून तिला द्यायचे आणि आत येऊन चहा पिताना मला वाटायचं, आपण चांगल्या आहोत. साताऱ्याला आईला फोनवर हे सगळं दोनदा सांगून झालं होतं. आई म्हणाली, "केलंस ते बरं केलंस, पण बोलून दाखवू नकोस." आईचं ऐकायची सवय मला लहानपणापासून नाही.

मग जानेवारी आला आणि आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू माझ्या घरी ठरलं. लखनौत मराठी बायका तशा मोजक्याच. काही छावणीतल्या, फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, काही बँकवाल्या, काही कंपनीवाल्या. एकमेकींची घरं बघायची ही एकच संधी, त्यामुळे ज्या घरी हळदीकुंकू असतं तिथे आठवडाभर आधी युद्धाची तयारी चालते. पडदे धुतले, पंखे पुसले, मग मी अंगणात आले. न्हाणीच्या दारावर तिचं धुवट लुगडं वाळत होतं. न्हाणीच्या खिडकीत साबणाची झिजलेली चकती होती. मला एकदम ते सगळं बायकांच्या डोळ्यांनी दिसलं. मागच्या खेपेला आमच्यातल्या एकीने ऐकून नाक मुरडलं होतं, "अगं, बाहेरची बाई रोज आत येते? तुला काही वाटत नाही?" तेव्हा मी तिला चांगलं सुनावलं होतं. आता मात्र मी लुगडं घडी करून फाटकाबाहेर कट्ट्यावर ठेवलं, फिनेल ओतलं आणि न्हाणीला कुलूप घातलं.

"कल मेहमान हैं, अम्मा. एक दिन की बात है," मी तिला सांगितलं.

"हाँ हाँ दीदी, कोई बात नहीं."

रविवारचं हळदीकुंकू झकास झालं. अंगणाचं कौतुक झालं. तिळगूळ घ्या गोड बोला, असं मी तीसएक वेळा म्हटलं असेल. त्या वर्षी वाणाचाही प्रश्न निघाला. दरवर्षी आपण एकमेकींना स्टीलच्या वाट्या देतो, त्या माळ्यावर जातात, त्यापेक्षा या वेळी वाण गरजू बायकांना द्यावं, अशी कल्पना निघाली. कल्पना कोणाची? माझीच. साबण, तेलाची बाटली, कंगवा आणि टॉवेल अशी पिशवी ठरली. टाळ्या पडल्या. मी नम्रपणे हसले.

सोमवारी कुलूप काढायचं मी विसरले, तेवढं मात्र खरंखुरं विसरले. मंगळवारी आठवलं, आणि आठवूनही मी उठले नाही. अंगण स्वच्छ होतं, लसणाचा वास नव्हता, सकाळी कोणासाठी बादली भरायची नव्हती. दोन दिवसांत मला त्याची गोडी लागली. तेवढ्यात ती फाटकात आली आणि म्हणाली, "दीदी, ताला लगा है."

मी म्हटलं, "अरे अम्मा, क्या बताऊँ, चाबी ही खो गई है. उस दिन इतनी भीड़ थी, इधर अंगण में ही कहीं गिर गई होगी."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तो हम ढूँढ देंगे. आप परेशान न होइए." आणि ती खाली बसून कडुलिंबाचा पाला हाताने बाजूला करायला लागली.

मी आत आले तर लेक डबा भरत उभी होती. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर ती हिंदीतच देते. "मम्मी, चाबी तो ये रही. आपने झूठ क्यों बोला?"

"तू तुझा डबा भर," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, एक दिवस शोधेल आणि सोडून देईल. ती रोज आली. सकाळी ढाब्याचं पोतं घ्यायला जाण्याआधी अर्धा तास ती अंगणात चावी शोधायची. पाला चाळून झाला, तेव्हा तिने नळाखालच्या मोरीत काडी घालून गाळ काढला. मग कुंड्या हलवून बघितल्या, मग फाटकाबाहेरची नाली. जानेवारीतलं लखनौ, सात वाजले तरी धुकं इतकं की अंगणातून गल्ली दिसायची नाही, आत मला नुसता पाल्याचा आवाज यायचा. मी आत पोहे परतत उभी आणि बाहेर ती माझ्या खोटेपणाचा कचरा उपसतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसा तिला पडत होता.

चौथ्या दिवशी तिने एक गंजकी चावी आणली. "दीदी, ज़रा लगा के देखिए." मी ती घेतली, कुलपाशी गेले, खडखड केलं आणि मान हलवली. तिला वाईट वाटू नये म्हणून "बहुत मिलती-जुलती है" असंही म्हणाले. इतका निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मंडळाच्या बायका पिशव्या वाटायला आल्या. पार्कच्या भिंतीपाशीच वाटायचं ठरलं होतं, माझ्या घराजवळ सोयीचं म्हणून. छावणीतल्या अध्यक्षबाईंनी हिंदीत छोटं भाषण केलं, रोजची आंघोळ आणि स्वच्छता किती महत्त्वाची, वगैरे. ती समोर उभी राहून नीट ऐकत होती. तिची पिशवी नेमकी माझ्या हातात आली. मी दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, आत डोकावून बघितलं, साबणाच्या वडीला नाक लावलं आणि म्हणाली, "बढ़िया खुशबू है, दीदी." फोटो निघाला. संध्याकाळी तो ग्रुपवर आला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी तो फोटो मोठा करून बघितला आणि मग फोन उपडा ठेवला. आंघोळीची जागा काढून घेऊन मी तिला साबण दिला होता.

तरीही मी दार उघडलं नाही. आता उघडायचं तर खोटं कबूल करावं लागणार होतं आणि ते माझ्याच्याने होईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग सांग ना, सापडली म्हणून. त्यात काय?" इतकं सोपं होतं. पण मला भीती होती की ती विचारेल, कुठे सापडली? आणि मला तिच्या नजरेला नजर द्यावी लागेल.

दहाव्या दिवशी दूध आणायला पहाटे निघाले. धुक्यातून कोणीतरी समोरून येत होतं, रेल्वेच्या रुळांकडून. जवळ आल्यावर दिसलं, तीच. हातात पाण्याची रिकामी बाटली. मला बघताच तिने ती बाटली शालीखाली लपवली आणि मान खाली घातली. रुळांच्या कडेला, गारठ्यात, अंधारात, माणसं यायच्या आत तिला जाऊन यावं लागत होतं, आणि लाज तिला वाटत होती. मी तोंड फिरवून दुधाच्या दुकानाकडे बघितलं. त्या क्षणाची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी ती आणखी एक चावी घेऊन आली. नखांत चिखल, बोटांना लसणाने आणि थंडीने भेगा पडलेल्या. "ये वाली देखिए." मी म्हटलं, "थांबा... रुको अम्मा, जंग लगा है, तेल लगा के लाती हूँ." आत गेले, तिची चावी ओट्यावर ठेवली, खिळ्यावरची चावी काढली, दोरा सोडवला, तिला तेलाचं बोट लावलं आणि बाहेर आले. कुलूप पहिल्या फेऱ्यात उघडलं.

"लग गई!" मी ओरडले. आनंद मात्र खरा होता.

"देखा? हमने कहा था न, मिल जाएगी," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग पळत जाऊन ती मंडळाची पिशवी घेऊन आली. साबणाचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. मी त्या दिवशी तिला एक सोडून दोन बादल्या कढत पाणी दिलं. न्हाणीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.

खिळ्यावर चावी परत गेली, त्याच लाल दोऱ्यात. कुलूप कडीत उघडं लटकत राहिलं. माझी सुटका झाली होती आणि वर शहाणपणाही मिरवता येत होता. नवऱ्याला हा किस्सा मी हसत हसत सांगितला, चावी कशी बदलली ते. तो हसला नाही.

पण खाई त्याला खवखवे. ते उघडं कुलूप रोज दिसायचं आणि वाटायचं, उद्या पुन्हा पाहुणे आले तर? माझा मला भरवसा उरला नव्हता. होळीच्या आधी एका सकाळी ती नळाशी तोंड धूत होती. उजाडायचं होतं, स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. मी चावी मुठीत घेऊन बाहेर गेले आणि तिच्यापुढे धरली.

"अम्मा, ये आप ही रखो. मेरे पास फिर खो जाएगी."

तिने चावीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. पदराने तोंड पुसलं.

"हमारे पास कहाँ टँगेगी, दीदी? ताड़पत्री में कील थोड़े ही लगती है," ती म्हणाली. "वहीं रहने दीजिए, लाल धागे में. यहाँ से दिखती रहती है."

आणि ती बादली उचलून न्हाणीत गेली.

मी ती उभी होती तिथे, नळापाशी, जाऊन उभी राहिले. समोर माझी खिडकी होती. आतल्या दिव्यात ओटा दिसत होता, मिसळणाचा डबा, चहाचं गाळणं आणि शेजारी रिकामा खिळा. मोरीतला गाळ काढताना, पाला चाळताना, मान वर केली की हेच दिसणार, दुसरं काही नाही. ती अकरा दिवस इथे बसली होती. समोर चावी लटकत असताना ती मला सापडावी म्हणून तिने थंडीत गाळात हात घातले होते, आणि माझं हरवलेलं शोधून दिल्याचं श्रेय आनंदाने स्वतःकडे घेतलं होतं, म्हणजे माझ्याकडे दोष यायला नको.

तिची माफी मी अजून मागितलेली नाही. मागायला गेले तर तिने इतक्या कष्टाने झाकलेलं उघडं करावं लागेल, असं मी स्वतःला सांगते, आणि तेही बहुधा माझ्या सोयीचंच आहे. चावी त्याच खिळ्याला आहे. पहाटे स्वयंपाकघरात येऊन दिवा लावला की चहाच्या आधी मी खिडकीतून नळाकडे बघते, ती आली आहे का.