रंगवलेली बाग आणि पडकी भिंत

लढाई लागली तशी लग्नं थांबली आणि मावशींच्या फोटो स्टुडिओला कुलूप लागलं. पण मावशी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सकाळी देवाला हात जोडायच्या, कॅमेरा गळ्यात अडकवायच्या आणि गल्लोगल्ली फिरायच्या. पाण्याची रांग, तळघरात चाललेली दाढी, खिडक्यांना काळा कागद लावताना भांडणाऱ्या सासूसुना, दिसेल ते टिपायच्या. एक वर्तमानपत्र ते फोटो छापायचं, त्यावरच घर चालायचं.

मावशींचा एक नेम होता. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. आणि विचारलं, की लोक केस विंचरून, गुंड्या लावून ताठ उभे राहायचे. शेवटी संपादक वैतागले. म्हणाले, "बाई, ही लढाई आहे की लग्नघर? या खेपेला खराखुरा फोटो आणा, नाहीतर राहू द्या."

त्याच आठवड्यात शेजारच्या शिंप्याच्या स्वयंपाकघराची भिंत बॉम्बच्या हादऱ्यानं कोसळली. माणसं वाचली, देवाची कृपा. शिंपीणवहिनी मावशींकडे आल्या. मुलगा आघाडीवर होता. घरी सगळं ठीक आहे असं दिसेल असा एक फोटो त्याला पाठवायचा होता.

मावशींनी स्टुडिओतला बाग रंगवलेला पडदा आणला. एक टोक शिंप्यानं धरलं, दुसरं गल्लीतल्या न्हाव्यानं. वहिनी पुढं खुर्चीत बसल्या. मावशी "हं" म्हणाल्या आणि नेमका वारा सुटला. पडदा शिडासारखा फुगला, न्हावी त्यात गुरफटला. शिंपी म्हणाला, "सोड बाबा, बाग घेऊन उडशील." वहिनींना हसू आवरेना. तेवढ्यात मावशींनी बटण दाबलं.

फोटोत सगळंच आलं. पडकी भिंत, उघडं आभाळ, उडणारी बाग आणि पोट धरून हसणाऱ्या वहिनी. संपादकांना हवा होता तो हाच. पण मावशींनी तो आधी वहिनींपुढं ठेवला. नको म्हणालात तर इथंच फाडते, म्हणाल्या.

वहिनींनी फोटो हातात घेतला. पेपर आघाडीवरही जायचा. बराच वेळ फोटो न्याहाळून त्या म्हणाल्या, "भिंत दिसेल त्याला. पण आई हसतेय हेही दिसेल ना? जीव भांड्यात पडेल पोराचा. छापा. फक्त खाली लिहा, चूल दुसऱ्याच दिवशी पेटली. नाहीतर म्हणेल, म्हातारी उपाशीपोटी खिदळतेय."

संपादकांनी खाली घालायला भारदस्त मजकूर तयार ठेवला होता. मावशी तिथंच ठाण मांडून बसल्या. फोटो छापून आला तेव्हा खाली एकच ओळ होती, वहिनींची.