आधीचा फोटो

औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत, तपासून कागद लिहून जात. कातडी घट्ट करायचं मशीन मात्र तिथं नोकरीला असलेली धाकटी एकटी चालवायची. गिऱ्हाइकं तिला ‘मशीनवाल्या बाई’ म्हणत आणि सासरी सगळे अजून ‘धाकटी’च म्हणत, वयाची बावन्न वर्षं उलटून गेली तरी.

नऊ वर्षांत तिचं बोलणं इतकं पाठ झालं होतं की गिऱ्हाईक आडवं झालं की ते आपोआप सुरू व्हायचं. “पेसमेकर आहे का? कुठे धातूची पट्टी, स्क्रू? बरं. जेल गार लागेल, मग ऊब चढेल, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी. दहापैकी सहा-सातपर्यंत चालेल, त्यापुढे गेलं की लगेच सांगा, सोसत बसू नका. नंतर तासभर लाली राहील. आणि उद्या सकाळी आरशात शोधू नका. आतून नवी वीण धरायला तीन महिने लागतात, कुणाला सहा. लोंबणारी मान काही यानं विशीतली होत नाही.” यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. एकाही मानेवर कधी फोड आला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता.

खोटं होतं ते फोटोंत. तिच्या आधीच्या बाईनं जाताना मशीनबरोबर तेही शिकवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशीचा फोटो डोक्यावरच्या ट्यूबखाली, हनुवटी जरा आत घ्यायला लावून. सहाव्या बैठकीनंतरचा खिडकीकडे तोंड करून, हनुवटी बोटभर वर. मशीननं चार आणे काम केलेलं असलं तर फोटो ते बारा आणे दाखवायचा. बायका खूश होऊन जायच्या. कुणाचं काय बिघडतंय, असं ती मनाशी म्हणायची आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी चादर बदलायची.

एका दुपारी थोरली जाऊ आली. फोनवर भलतंच नाव सांगून, काळा चष्मा लावून.

थोरली म्हणजे घरातलं मानाचं पान. निवृत्त मुख्याध्यापिका, चारचौघांत उठून दिसणारी. धाकटीची ओळख करून देताना गेली नऊ वर्षं तिचं एकच वाक्य होतं, “ही आमची धाकटी. कुठेतरी मसाज-बिसाज करते.” धाकटीनं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तोंड मिटून ठेवायची सवयच होती तिला.

“घरी कळता कामा नये,” थोरली चष्मा काढत म्हणाली. “नात काल गळ्याला हात लावून विचारते, आजी, हे एवढं उरलं कसं?”

धाकटीला हसू आलं, ते तिनं दाबलं. फोटोसाठी तिला स्टुलावर बसवलं.

“हनुवटी आत घ्या, ताई. अजून. अजून थोडी. हं, अजून.”

एरवी एकदा ‘अजून’ म्हटलं की तिचं भागायचं. आणि आधीचा फोटो ती एरवी शेवटपर्यंत दाखवत नसे. त्या दिवशी मात्र तिनं संगणकाचा पडदा थोरलीकडे फिरवला, आणि चित्र मोठं केलं.

थोरली बराच वेळ बघत राहिली. “मी अशी दिसते?”

“वयाप्रमाणे आहे, ताई,” धाकटी गिऱ्हाइकांशी बोलायच्या मऊ आवाजात म्हणाली.

संध्याकाळी भाजी चिरताना ती गुणगुणत होती. स्वारी आज खुशीत दिसते, असं नवरा म्हणालासुद्धा.

पुढच्या सहाही बैठकांना थोरली वेळेवर आली. बोलणं कमी कमी होत गेलं. एरवी चहाच्या कपापासून पडद्यांपर्यंत खोट काढणारी बाई निमूट आडवी व्हायची, विचारलं की आकडा सांगायची, “सहा,” आणि लाल मान घेऊन निघून जायची. घरच्या जेवणाला ती खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. नातीनं फोटो काढायला फोन पुढे केला की उठून आत जायची. मग एक दिवस मोठ्या दिरांचा फोन आला. “तुझ्या ताईला काय झालंय, जरा विचार बाई. न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवते. मी दाढी चाचपडत करतो.”

धाकटीनं फोन ठेवला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. सहाव्या बैठकीनंतर तिनं खिडकीपाशी फोटो काढला, जमेल तेवढा चांगला, आणि थोरली तो बघून हसली तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली की मिटलं.

मिटलं नव्हतं. तीन महिन्यांनी थोरली पुन्हा हजर झाली.

“आणखी सहा कर,” आडवी होत ती म्हणाली. धाकटीनं जेल लावलं, मशीन सुरू केलं, मशीनची मूठ जबड्याखाली फिरवायला लागली. थोरलीचे डोळे मिटलेले होते. “एक विचारू? फोटोत मी बरी दिसते. आरशात मात्र ती पहिल्या फोटोतलीच बाई दिसते मला. माझंच डोकं फिरलंय का गं? डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले.”

धाकटीनं मशीन बंद केलं.

“इतक्यात झालं?”

“नाही. उठून बसा, ताई.”

तिनं थोरलीला त्याच स्टुलावर, त्याच ट्यूबखाली बसवलं. मानेवर जेल तसंच चकाकत होतं. “हनुवटी आत,” म्हणाली, एक फोटो घेतला. स्टूल खिडकीकडे वळवलं. “हनुवटी वर.” दुसरा घेतला. दोन्ही शेजारी शेजारी पडद्यावर आणले. मग हात एप्रनच्या खिशात घातले.

थोरली मुख्याध्यापिका होती. समजायला वेळ लागला नाही.

“सगळ्यांनाच असं करता?”

“हो.”

“मग मला फरक पडलाच नाही?”

“पडलाय थोडा. जबड्याखाली हाताला घट्ट लागतं, अगदी खरं. मानेच्या शिरा मात्र तशाच आहेत, त्या राहणारच. आणखी सहांनी फार काही होणार नाही.”

थोरलीनं मान हलवली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. “पहिल्या दिवशी तू तीनदा ‘अजून’ म्हणालीस. बाकीच्यांनाही तीनदा म्हणतेस?”

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“एकदाच,” धाकटी म्हणाली.

“आणि तो पडदा?”

“तो फक्त तुम्हाला दाखवला.”

थोरली रागावेल, मसाज-बिसाज काढेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं, निदान काहीतरी ऐकून घेता आलं असतं. पण थोरलीनं फक्त गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते चिकट बोट बघत राहिली. “रोज सकाळी मला वाटायचं, इतकी वर्षं लोक ही मान बघत होते आणि मीच ताठ्यात हिंडत होते.”

“ताई, मी…”

“राहू दे.”

धाकटीनं टॉवेल कोमट पाण्यात पिळला. बैठक संपली की जेल तीच पुसायची, आधी कानामागचं, मग गळ्याचं, नऊ वर्षं प्रत्येकीचं. ती पुढे झाली.

“दे इकडे,” थोरली म्हणाली. “माझं मी पुसते.”

तिनं पुसलं. नीट जमलं नाही, कानामागे जेल तसंच राहिलं. धाकटीला ते दिसत होतं. थोरलीनं टॉवेलची व्यवस्थित घडी घालून स्टुलावर ठेवली, चपला घातल्या आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.