उलटी गेलेली वीज

भांडुपच्या आमच्या सोसायटीत जनरेटर आला तेव्हा पेढे वाटले होते. लाईट गेली की पंप बंद, मग चौथ्या मजल्यावर बादल्या चढवा. त्यामुळे आनंद मलाही झालाच. पण मीटर रूममध्ये डोकावले आणि डोकेच फिरले. जनरेटरच्या वायरी सरळ मेन बोर्डाला जोडून टाकल्या होत्या.

मी तेव्हा साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्विचबोर्डांची ड्रॉइंग काढायचे. वीज दोन ठिकाणांहून येत असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच लागतोच, हा नियम तिथे सगळ्यात आधी शिकवत. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो: बाहेरची वीज, नाहीतर जनरेटरची. तो नसला आणि मेन स्विच चुकून चालू राहिला, तर जनरेटरची वीज उलटी रस्त्यावरच्या केबलमध्ये जाते. हे सगळे मी चेअरमनकाकांना सांगितले. मेन पाडूनच जनरेटर लावायचा असे वॉचमनला बजावलेय, म्हणाले. वर हसून, "तुम्हा कारखानेवाल्यांना काहीतरी विकायचंच असतं."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाईट गेली. लाइनमन आला, गेटजवळच्या पेटीतले फ्यूज काढले आणि आमच्या बिल्डिंगच्या केबलचा जळलेला जोड उघडून बसला. वॉचमन रेशनच्या रांगेत. काकांनी स्वतःच जाऊन जनरेटर सुरू केला आणि मेन पाडायचे विसरले.

मी रजेवर होते. किंकाळी ऐकून धावत खाली आले, आधी जनरेटर बंद केला. लाइनमन फाटकापाशी फेकला गेला होता, उजवा तळवा काळा पडलेला. शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेले.

रविवारी मीटिंग भरली. काका शांतपणे म्हणाले, त्याने हातमोजे घालायला हवे होते, चूक त्याचीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काका, त्याने फ्यूज काढले होते. ती वीज आपण पाठवली." शेजारच्या वहिनींनी माझा पदर ओढला, "बस गं खाली. पाणी बंद होईल ना आपलं."

पाणी! एका माणसाचा हात जळला आणि यांना पाण्याची पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी लाइनमनच्या ऑफिसात गेले. तिथेही त्याचाच निष्काळजीपणा ठरत आला होता. मी साहेबांना आमच्या मीटर रूममध्ये घेऊन आले आणि जोडणी दाखवली. त्यांनी जनरेटरची जोडणी तिथल्या तिथे तोडायला लावली. लाइनमनवरचा ठपका गेला. चेंजओव्हर बसेपर्यंत लाईट गेली की जिन्यात बादल्या वाहणारे लोक मला ऐकू जाईल असे बोलत होते. नवा स्विच बसला तेव्हा काकांनीच नारळ फोडला.

लाइनमनच्या घरी सोसायटीतला एकही गेला नाही. मी गेले. त्याची दोन बोटे आता वळत नव्हती. बायकोने चहा ठेवला आणि एवढेच विचारले, "यांची चूक नव्हती ना, ताई?"

"नाही," मी म्हटले. हे काकांनी येऊन सांगायला हवे होते.