लेकीच्या अंगणातली झुडपं

क्वेर्नावाकाची हवा मला पहिल्या दिवसापासूनच खटकली. मे महिना, आणि घरात पंखा नाही. माझं माहेर सिंदेवाहीकडचं, उभी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळांत गेली. मे महिन्यात ज्या घरात कूलर घुरघुरत नाही, ते घर मला बंद पडल्यासारखं वाटतं. मेक्सिकोतलं हे जुनं शहर बागांसाठी आणि बारमाही वसंतासाठी नावाजलेलं आहे, असं लेकीने फोनवर शंभरदा ऐकवलं होतं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरगी तिथल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या कामावर गेलेली. दोन वर्षांसाठी गेलेलं माणूस हवेचं इतकं कौतुक कशाला करेल?

म्हणून मी गेले. बघायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, गेले खरं म्हणजे तपासायला. ती परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं. सरळ विचारायची हिंमत नव्हती. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

तिने मला शहर फिरवलं. स्पॅनिश सरदाराचा दगडी वाडा, किल्ल्यासारख्या भिंतींचं चर्च, कारंजी आणि तळ्याची जुनी बाग. मी बघत होते तिच्याकडे. भाजीवाली तिला न विचारता कोथिंबीर देत होती. हे मला आवडलं नाही.

ती आंघोळीला गेली की मी खोली धुंडाळायची. दाराशी कोणाच्या चपला आहेत का, आरशापुढे दुसरा ब्रश आहे का. पुरुषमाणसाची एक वस्तू सापडली नाही. त्याने संशय कमी झाला नाही, उलट वाढला. कोणी असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. पुढच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या मालकीणबाईशी ती स्पॅनिशमध्ये भराभर बोलायची आणि दोघी हसायच्या.

"काय म्हणते ती?"

"काई नाई आई, असंच."

असंच म्हणजे कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण खरी धास्ती बागेची होती. पोरीची खोली घराच्या मागे. खिडकीपर्यंत बोगनवेल, केळी आणि नाव माहीत नसलेली झुडपं, आणि भिंतीपलीकडे खोल नाला. त्या शहरात घरांच्या पाठीमागून असेच नाले जातात. आमच्याकडे घराला लागून झुडूप आणि झुडपाला लागून नाला म्हणजे वाघाला आवतण. घराभोवतीची जागा मोकळी करायची आणि वाकून काम करायचं तर मोठ्याने बोलत करायचं, म्हणजे जनावराला माणूस असल्याचं कळतं. मोहफुलं वेचणाऱ्या बाया आजही तशाच बोलतात. आणि माझी पोरगी रोज संध्याकाळी त्या झाडीत वाकून पाणी घालायची, तेही मुकाट्याने. मी दारातून ओरडायची, वाघ येईल म्हणून.

"इथी वाघ नाई आई."

"तुले काय माहीत?"

एके दिवशी ती कामावर गेली आणि मी मालकीणबाईच्या पडवीतला लांब पात्याचा कोयता उचलला. दुपारपर्यंत खोलीभोवतीची जागा लख्ख केली. तोंडाने बोलणं चालूच. सोबत कोणी नव्हतं म्हणून पोरीशीच बोलत होते. तिला समोर विचारता आलं नाही ते सगळं केळीला ऐकवलं. मालकीणबाई खिडकीत आली, कपाळाला हात लावला आणि आत गेली. तिने फोन केला असणार, कारण पोरगी धापा टाकत वेळेआधीच घरी आली.

मी कोयता खाली ठेवला आणि बोलणी खायला तयार झाले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. आडव्या पडलेल्या बोगनवेलीकडेही नाही. ती थेट भिंतीच्या कोपऱ्याकडे धावली. तिथे काड्यांच्या कुंपणात एक वीतभर रोप उभं होतं. तेवढं मी सोडलं होतं. बुडाशी गोल आळं होतं, मातीची कड हाताने थापलेली. अशी आळी तिचे बाबा आंब्याच्या कलमांना करायचे.

तिने पानं चाचपली, मग खाली बसली.

"हे काऊन सोडलं?"

"आळं दिसलं. कशाचं आहे?"

"अव्होकाडोचं. बीपासून लावलं."

"फळ कधी लागते याले?"

ती मातीच बघत राहिली. "सात-आठ वर्षं लागते, आई."

माझा संशय खरा निघाला. आयुष्यभर पोरांना उत्तर बरोबर आलं की शाबासकी दिली. माझं उत्तर बरोबर आलं आणि मला गळा काढून रडावंसं वाटलं. रागही आला, हवेचा, भाजीवालीचा, त्या रोपाचा. उपटून टाकावं असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मी काही केलं नाही. पोरीने मालकीणबाईला वाघाचं समजावलं, तेव्हा म्हातारी हसली की रडली, मला कळलं नाही.

संध्याकाळी पोरगी बादली घेऊन कोपऱ्यात गेली. आता आडोसा कुठेच नव्हता, तरी मी दारात उभी राहिले.

"वाकली का मोठ्यानं बोलत जा," मी म्हटलं.

"एकटीच तर असते मी इथी. कोणाशी बोलू?"

"माझ्याशी बोल. मी नाई का सकाळपासून तुझ्यासंगच बोलून राह्यली होती?"