ट्रॉलीमागचं रेडियम
जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी कापसाचा आणि डिझेलचा मिसळलेला वास आला की माझा उजवा गुडघा दुखायला लागतो. घाटंजीच्या रस्त्यावर दिवेलागणीला मी मोटरसायकलसकट एका उभ्या ट्रॉलीत घुसलो होतो. कापसावरची काळी ताडपत्री मागच्या लाल दिव्यावर लोंबत होती. ट्रॉलीचा मालक दवाखान्यात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “डोये फुटले होते काय तुये?” पुढच्या हिवाळ्यात गावात रस्ता सुरक्षेचं शिबिर भरलं. पाहुणे उशिरा आले, अंधार पडायला लागला, तरी आरटीओचे साहेब आम्हा दुचाकीवाल्यांनाच हेल्मेटचे धडे देत होते आणि तो मालक गळ्यात हार घालून मंचावर बसला होता. मी उठून म्हणालो, “साहेब, भाऊले माह्या गाडीवर बसवा. त्यायचीच भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी करू, पाहू किती दुरून दिसते.” टाळ्या पडल्या, त्याला नाही म्हणता येईना. ट्रॉली वळणापलीकडे उभी करायला मीच सांगितलं होतं. तो हळूहळू निघाला, समोरून ट्रकचा झोत आला, शेवटच्या क्षणी त्यानं ब्रेक दाबला आणि गाडीसकट धुळीत आडवा झाला. “दिसलीच नाही ना बाप्पा!” तो ओरडला. मी लंगडत जवळ गेलो, पण हात दिला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, “डोये फुटले होते काय तुमचे?” आता त्याच्या ट्रॉलीमागे लाल रेडियम चमकतं. लोक म्हणतात, माणूस सुधारला. मला मात्र ते दिसलं की त्याचं धुळीनं माखलेलं तोंड आठवतं, आणि तेवढ्यापुरता गुडघा दुखायचा थांबतो.